आत कोण झोपतं?

४ फेब्रुवारी

गठुडे,

पत्राच्या वर कुणाला कसले आशीर्वाद लिहायचे ते शाळेत वरच्या वर्गात शिकवायचे. तिथवर मी पोचले नाही. तेव्हा आशीर्वाद आहेत असं धर आणि पुढे वाच.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू "बरी आहे गं आत्या" म्हणतेस, मागून कुणीतरी सिस्टर सिस्टर करतं आणि तू ठेवून देतेस. मला त्यातून काय कळणार? शिवाय शिलाई मशीनच्या खडखडाटानं माझा डावा कान कामातून गेलाय. कागदावर माणसाला इतकं झटकन खोटं बोलता येत नाही, हात दुखतो. म्हणून लिहायचं. मी चुकतमाकत लिहिते, मग तुला काय धाड भरलीय?

आता कामाचं. तुझा भाऊ येऊन सांगून गेला की तुमच्या अतिदक्षता विभागात एक सिस्टर काम करता करता चक्कर येऊन पडली, आणि मग वरच्या साहेबांनी तुम्हा नर्सबायांना विश्रांतीसाठी एक खोली काढून दिली. तिला पडदे हवेत. हे मला तू नाही, त्यानं सांगायचं? पडदे तो शिवणार आहे का?

मापं पाठव. नुसती मापं नकोत, खोली कशी आहे ते नीट लिही. खिडकी कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, बाहेरून आतलं दिसतं का. आणि मला हे सांग, विश्रांती म्हणजे तिथे जाऊन नक्की करायचं काय? झोपायचं? की डोळे मिटून श्वास मोजायला शिकवणारी कुणी बाई येणार आहे? पडली ती कोण? तिच्या अंगात रक्त कमी होतं का? डॉक्टरांनी भरलेल्या इमारतीत तुमचीच बाई पडते आणि कुणाला आधी कळत नाही, हे मला काही समजत नाही.

तुझे आतोबा म्हणाले, कामाच्या ठिकाणी झोपायला खोली देतात हे माहीत असतं तर मी निवृत्तच झालो नसतो. मी म्हटलं, घरी फुकट झोपताय ते पुरे आहे.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र विभागाच्या पत्त्यावर आलं आणि सगळ्यांना वाटलं माझी बदली झाली. हल्ली पाकिटातून फक्त वाईट बातमीच येते. तुझं अक्षर बघून मग हसल्या.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. खोली आमच्या विभागाच्या बाहेर, जिन्याच्या तोंडाशी आहे. आधी तिथे मोडक्या चाकखुर्च्या आणि वाकलेले सलाईनचे स्टँड टाकायचे. आता एक खाट, एक स्टूल, हात धुवायला नळ आणि खिडकी. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचा पाइप दिसतो, पण खिडकी ती खिडकी. दाराला वरून खालपर्यंत काच आहे. जिन्यावरून येणारा-जाणारा आत डोकावतो. म्हणून पडदा आधी दाराला हवा.

विश्रांती म्हणजे काय विचारलंस. आपला पेशंट शेजारच्या सिस्टरच्या ताब्यात द्यायचा आणि थोडा वेळ आडवं व्हायचं, एवढंच. बाई वगैरे कुणी येणार नाही. पाणी प्यायचं. आम्ही ड्यूटीवर पाणी पीत नाही आत्या, कारण प्यायलं की जावं लागतं, आणि जायला सवड नसते. पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं ते थेंबाथेंबानं बघतो, स्वतःचं विचारू नकोस. मशीनं सारखी वाजत असतात. घरी गेलं तरी कानात वाजतात. परवा दारावरची बेल वाजली तर मी उघडायला न जाता हात धुवायला धावले.

पडली ती एक सिस्टर. तुझ्या ओळखीची नाही. बरी आहे आता.

खरी गंमत पुढेच आहे. औषधांच्या कोठारवाल्यांचा त्या खोलीवर डोळा आहे, खोकी ठेवायला. साहेबांनी मार्चअखेरची मुदत दिलीय. तोवर तुम्ही खोली वापरताय असं दिसलं तर तुमची, नाहीतर कोठाराची. आणि कुणी वापरतच नाही. मी विभागाची प्रमुख, म्हणून रोज एकेकीला विचारते, जाऊन आलीस का. नंतर जाते, म्हणतात. ते नंतर काही उगवत नाही.

पण कुणीतरी वापरतं. चादर चुरगळलेली असते. पेला ओला असतो. एकदा मी उशीवर हात ठेवला तर उशी ऊबदार होती. सगळ्या सिस्टर तर माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

मग आत कोण झोपतं?

तुझी गठुडी


१५ फेब्रुवारी

गठुडे,

पडदे पाठवलेत. जाड कापड घेतलंय, आरपार काही दिसणार नाही. दाराचा मी स्वतः शिवला, खिडकीचा माझ्या दुकानातल्या मुलीनं. तिची शिवण वाकडी आली तर तिला बोल, मला नको.

तुझ्या त्या उशीनं माझी दुपार खाल्ली. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी विचार करतेय, कोण असेल. शेवटी त्या बाईचा ब्लाउज पाठीत ढगळ झाला. आता उत्तर काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एक, एखादा डॉक्टर असेल. त्यांना तुमच्यासारखी लाज नसते. दोन, जिन्याखालचा पहारेकरी. तीन, तुमचे साहेबच, तुम्ही वापरता की नाही ते बघायला येतात आणि खाट दिसली की आडवे होतात. यावर तुझे आतोबा म्हणाले, शक्य आहे, मीही तेच केलं असतं. चार, तुमच्यातलीच कुणीतरी चोरून जाते आणि सांगत नाही. हे मला जास्त पटतं. पण मग ती चोरून का जाते, ते तू मला सांग. माझ्या दुकानातल्या दोघी दुपारी डबा खाल्ला की कापडाच्या ढिगावर आडव्या होतात आणि घोरतात. गिऱ्हाईक आलं तर मी म्हणते, हळू बोला. त्यांना लाज नाही, मला नाही. तुम्हाला आडवं व्हायची एवढी कसली शरम?

उशी बघ. केस सापडतो का? लांब की आखूड, काळा की पांढरा? मला कळव. आणि ती पडलेली सिस्टर कुठली, तिचं घरदार, मुलंबाळं, काहीच लिहिलं नाहीस. एवढी मोठी गोष्ट दोन ओळींत उरकलीस.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

पडदे सुरेख झालेत. वाकडी शिवण मला तरी दिसली नाही. मात्र दाराचा थोडा लांब झालाय, दार लावलं की खाली अडकतो. चूक माझ्या मापाची असेल, आधीच सांगते. आठ दिवस कसाबसा चालवला, आता आखूड करायला सोबत पाठवतेय. तोवर दाराला चादर बांधलीय.

उशी बघितली. तू हसशील, पण दरवाजा लावून, वाकून, अगदी जखम तपासतात तशी बघितली. एक केस लांब आणि पांढरा. एक आखूड, काळा. आणि खाटेच्या फटीत लहान मुलीची केसांची क्लिप, फुलपाखराची. म्हणजे डॉक्टर नाही. पहारेकऱ्याला टक्कल आहे. साहेबांचे केस रंगवलेले, आणि ते फुलपाखराची क्लिप लावत असतील असं वाटत नाही.

म्हणजे माणूस एक नाही. बरीच माणसं आहेत. हे तर आणखीच चक्रावणारं झालं.

चहाच्या वेळी मी सरळ विचारलं. खोलीत कोण जातं? उंच सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागली. चष्मेवालीनं चष्मा पुसायला घेतला. नवी मुलगी, जी सगळ्यात जास्त बडबडते, ती माझ्याकडे बघून म्हणाली, सिस्टर, तुमच्या कपाळावरची खूण आता अजिबात दिसत नाही. विषय कसा बदलायचा ते या पोरीकडून शिकावं.

मुदत जवळ येतेय. कोठाराचा माणूस काल टेप घेऊन आला आणि खोली मोजून गेला. ही खोली गेली तर दुसरी मिळणार नाही. चष्मेवाली परवा औषधाच्या कपाटाला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपली होती. हातात भरलेली सुई.

गठुडी


२७ फेब्रुवारी

गठुडे,

आधी कपाळ.

ती पडलेली सिस्टर माझ्या ओळखीची नाही, म्हणे. तुला दुपट्यात गुंडाळून सगळ्यांत आधी मीच घेतलं होतं, एवढी ओळख पुरत नसेल तर सांग. खूण कशाची? पडताना काय लागलं? किती वेळ बेशुद्ध होतीस? तुझ्या आईला माहीत आहे का? माहीत नसेल, कारण माहीत असतं तर ती माझ्याकडे येऊन रडली असती. मी तिला सांगणार नाही. पण मला सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही. आणि ही खोली आधी तुझ्यासाठीच आहे, हे डोक्यात घाल. तुला पुन्हा काही झालं तर मी तिथे येईन आणि तुमच्या साहेबांना असं बोलेन की त्यांनाच आडवं व्हायला खोली लागेल.

आता पडदा. आखूड करायला घेतला आणि सगळं लख्ख दिसलं. स्टुलावर बसलं की हाताला येईल एवढ्या उंचीवर पडद्याची एक कड चुरगळून चुरगळून काळी पडलीय. चांगली कडक झालीय. रोज धरल्याशिवाय असं होत नाही. कुणीतरी तिथे बसून डबा खातं आणि पडद्याला हात पुसतं. आता सांग, तुमच्याकडे डबा खायला जागा नसलेलं कोण? साफसफाईची मावशी. तिची म्हातारी सासू किंवा आई असेल, तिचा पांढरा केस. तिची नात असेल, तिची क्लिप. सगळं घरदार घेऊन येत असेल दुपारचं. लागला की नाही पत्ता?

तिला विचार. घाबरू नकोस, तू प्रमुख आहेस. पडदा आखूड करून, धुऊन पाठवतेय. या वेळी माप मी माझ्या मनानं धरलंय.

आत्या


६ मार्च

आत्या,

तुझा पत्ता साफ चुकला, आणि मी त्याहून मोठा घोळ घातला.

मावशींना बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं. मावशी, तुम्ही दुपारी डबा घेऊन त्या खोलीत बसता का, घरच्यांना आणता का? त्यांनी हातातला पोछा बादलीत ठेवला. बादली उचलून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. इतक्या वर्षांत मावशी आल्या नाहीत असा दिवस मी बघितला नव्हता.

त्या संध्याकाळी ड्यूटी बदलताना नवी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. म्हणाली, सिस्टर, मावशी नाहीत, मी आहे. म्हणजे मी झोपत नाही. जिन्यावर एक आजी बसून होती, तिचा नातू आत श्वासाच्या मशीनवर. तिला बसवेना. मी तिला माझ्या विश्रांतीच्या वेळात खोलीत झोपवलं. मग रोजच.

नातेवाइकांना या बाजूला यायला बंदी आहे, तुला माहीत नसेल. त्यांनी खाली मोठ्या दालनात थांबायचं. पण खाली कोण थांबतं? माणूस वर मशीनवर असताना पाय खाली वळत नाहीत. सगळे आमच्या दाराबाहेर जिन्यावर बसतात. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो.

मी काही बोलायच्या आत उंच सिस्टर म्हणाली, माझापण एक माणूस आहे. त्याच्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं, त्याच्यासोबत चिमुरडी मुलगी असते. मग चष्मेवाली. मग बाकीच्या. आत्या, सगळ्याच. प्रत्येकीनं आपला आडवं व्हायचा वेळ जिन्यावरच्या कुणा ना कुणाला देऊन टाकलेला. प्रत्येकीला वाटत होतं की नियम मोडणारी आपण एकटीच, आणि बाकीच्या नीट आराम करताहेत. म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं.

पडद्याचं कळलं का तुला? ते डबा खाऊन पुसलेले हात नाहीत. लोक स्टुलावर बसून त्या कडेला डोळे पुसतात.

सगळ्यांचं बोलून झालं आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, पेशंटच्या औषधांची वेळ झाली, चला. आणि उठले.

मावशींच्या घरी जाऊन आले. दारातूनच माफी मागितली. त्या म्हणाल्या, मला सगळं माहीत होतं, चादर रोज मीच बदलते, तुम्हा पोरींची नावं कशाला सांगायची. आजपासून आल्यात. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण माझ्या टेबलाखालून पोछा मारतात.

कपाळाचं लिहिते. ट्रॉलीची कड लागली. फार नाही. किती वेळ, ते मला माहीत नाही, जी पडते तिला ते कसं कळणार.

गठुडी


९ मार्च

गठुडे,

औषधांची वेळ झाली म्हणे. म्हणजे तूही. तुझा कोण होता जिन्यावर? म्हातारा की म्हातारी? सांग किंवा नको सांगू, मला कळलंय.

डब्याचं मी म्हणाले होते खरं. चुकलं. मावशीला सांग, चूक दूरच्या एका शिंपिणीची आहे, तिला तिथून शिव्या दिल्या तरी चालतील. ऐकू येणार नाहीत.

आता तुमच्या बाकी सगळ्यांबद्दल. मला राग आलाय आणि मी तो लपवणार नाही. तुम्ही स्वतःला काय समजता? एक बाई पडली म्हणून खोली मिळाली. त्या खोलीत, ती पडलेली बाई सोडून, सगळं गाव झोपलं. उद्या चष्मेवालीनं उभ्या उभ्या झोपेत कुणाला भलतीच सुई टोचली, तर ती आजी येणार आहे का साहेबांसमोर सांगायला, की हिची झोप मी घेतली म्हणून?

त्या लोकांचं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. पण जिन्यावरचं दुःख संपणारं आहे का? आजची आजी गेली की उद्या दुसरी. तुम्ही मात्र त्याच. झिजणार तुम्ही.

माझं ऐक. दाराला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे. आत फक्त नर्स. विषय संपला.

एक मात्र मला कळलं नाही, ते विचारते. ते लोक खोलीत जाऊन झोपतात, उठतात, तुम्हाला दुवा देऊन जिन्यावर परत बसतात. त्यांच्यातल्या एकालाही प्रश्न पडत नाही का, की ही खाट आली कुठून?

आत्या


१ एप्रिल

आत्या,

कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या टेबलावरच्या खिळ्याला. दोन दिवसांत किल्ली इतक्या हातांतून फिरली की खिळाच सैल झाला. प्रत्येकी म्हणायची, शेवटचं, आजच्या दिवस. मीही म्हटलं. हो, मीही. माझी एक बाई आहे, खिडकीजवळच्या पेशंटची बायको. तिचा नवरा आमच्याकडे आल्यापासून तिनं नीट पाठ टेकली नव्हती. बडबडी नाही, काही मागत नाही. त्यामुळेच माझ्याच्यानं राहवलं नाही.

साहेब मुदत संपताना बघायला येणार, असा निरोप आला. नर्सना बोलवून मी म्हटलं, उद्यापासून जिनं तिनं आपापल्या माणसाला सांगायचं, खोली रिकामी करा. सगळ्या हो म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावर एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. रोज परक्यांना सुया टोचणाऱ्या बाया आम्ही, आणि एवढं एक वाक्य बोलता येईना. शेवटी ठरलं की आधी मी सांगायचं.

साहेब यायच्या दिवशी दुपारी मी गेले. ती बाई खाटेच्या कडेला बसली होती, नुकतीच उठली होती. मी मनात वाक्य जुळवून नेलं होतं. तिथे गेल्यावर सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, "ताई, ही खोली नर्सची आहे. तुम्हाला आता इथे झोपता येणार नाही."

ती रागावली नाही. म्हणाली, "तुमची आहे? मला वाटलं ही आमच्यासारख्यांसाठीच ठेवलीय. सगळ्या सिस्टर इतक्या आपलेपणानं किल्ली देतात." मग तिनं विचारलं, "मग तुम्ही बसता कुठे?"

आत्या, मी खरंच विचार करायला लागले. कुठे बसते मी?

माझं तोंड बघून ती उठली. चादर झटकली, नीट घातली, उशी उलटी केली. मला म्हणाली, पडा. मी म्हटलं, साहेब येणार आहेत, माझा पेशंट आहे. ती म्हणाली, पेशंट शेजारच्या सिस्टर बघतायत ना, मी झोपते तेव्हा तुम्ही मला हेच सांगता. आणि माझ्या खांद्याला धरून मला बसवलं. आम्ही पेशंटला बसवतो तसं, पाठीमागे हात घालून. मी डोळे मिटले ते फक्त तिचा मान राखायला.

पुढचं मी बघितलेलं नाही. नव्या मुलीनं आणि मावशींनी सांगितलं. हो, मावशी आता बोलतात.

त्या बाईनं स्टूल उचलून दाराबाहेर ठेवलं आणि त्यावर बसली. जिन्यावरच्या सगळ्यांना तिनं सांगितलं, की ही खोली सिस्टर लोकांची आहे आणि आपण इतके दिवस त्यांची झोप झोपलोय. कुणाला ठाऊकच नव्हतं. आजी तर म्हणे कपाळावर हात मारून घेत बसली. तू विचारलं होतंस ना, त्यांना प्रश्न पडत नाही का. पडला असता. आम्ही पडूच दिला नव्हता.

साहेब आले. दारावर टकटक करायला हात वर केला, तर ती बाई उठून उभी राहिली.

"हळू. आत सिस्टर झोपल्यात."

साहेब म्हणाले, मी व्यवस्थापक आहे. ती म्हणाली, असाल, पण त्या दमल्यात, नंतर या. मागून आजीनं जिन्यावरूनच सांगितलं, उगाच दार वाजवू नका बाळा. साहेबांनी काचेतून बघायचा प्रयत्न केला. तुझ्या कापडातून काही दिसेना. मग ते वाट बघत थांबले. बसायला गेले तर स्टूल बाईकडे, आणि बाकी सगळा जिना माणसांनी भरलेला. उभेच राहिले. त्यांनी विचारलं म्हणे, तुम्ही सगळे रोज इथेच बसता? आजी म्हणाली, दुसरीकडे कुठे? तेवढं ऐकून साहेब गेले.

मी, विभागाची प्रमुख, खोली आमची का असावी ते साहेबांना पटवून द्यायची सगळी तयारी केलेली, आत घोरत होते. घोरत होते असं मावशी म्हणतात, माझा विश्वास नाही.

चार दिवसांपूर्वी निरोप आला. खोली आमची राहिली. कोठाराच्या माणसानं टेप गुंडाळून नेली. जिन्याशेजारी दोन बाकं आलीत, एकाचा पाय लंगडा आहे, पण पाठ टेकता येते. आजी त्यावर झोपते. रडायला अजून जागा नाही, ती कुठे करायची यावर नवी मुलगी विचार करतेय. आणि आता कुणाची आडवं व्हायची वेळ झाली की मला आठवण करून द्यावी लागत नाही. जिन्यावरचेच विचारतात, उंच सिस्टर अजून गेल्या नाहीत का. ती परवा खरंच गेली. परत आली तर गालावर उशीचा वळ. सगळ्या तिच्याकडे अशा बघत होत्या, जसं ती परदेशी जाऊन आलीय.

गठुडी


४ एप्रिल

गठुडे,

पत्र तुझ्या आतोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेब उभेच राहिले, तिथे ते खूश झाले. दुकानातल्या मुलींना पण वाचून दाखवलं. एकीनं विचारलं, मग त्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं? मलाही तेच विचारायचंय. लिही.

कुलपाचं माझं डोकं चाललं नाही, ते कळलं. बाकांचं बरं झालं. लंगड्या पायाखाली घडी करून पुठ्ठा घाला, साहेबांच्या दुरुस्तीची वाट बघत बसाल तर आजीच पडायची.

बाकी सगळं लिहिलंस. आजी काय म्हणाली, साहेब कुठे उभे राहिले, मावशी काय म्हणतात. स्वतः आत होतीस तिथलं मात्र एक अक्षर नाही. तुम्ही नर्सबाया दिवसभर पेशंटला विचारता ना, आता कसं वाटतंय? तुला कुणी विचारलं नसणार. मी विचारते. उठल्यावर तुला कसं वाटलं?

आत्या


८ एप्रिल

आत्या,

त्या बाईचा नवरा आता स्वतः श्वास घेतो. मशीन काढलं. अजून बोलत नाही, पण ती आली की तिच्याकडे बघतो.

तू विचारलंस म्हणून आठवून लिहिते. उठले तेव्हा दार कुठल्या बाजूला आहे तेच आधी कळेना. बाहेर कुठेतरी मशीन वाजत होतं. ऐकू आलं, पण पाय आपोआप खाली आले नाहीत, ही मला नवलाची गोष्ट वाटली. मी तशीच बसून राहिले. मग पोटात काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं मळमळतंय. मग वाटलं पुन्हा चक्कर येणार. मी माझीच नाडी धरून बघितली, चांगली होती. पोटावर हात ठेवून, पेशंटचं बघते तसं बघितलं, कुठे दुखतं का, कुठे ताठ आहे का. काही नाही. बराच वेळ मला ओळखूच येईना की हे काय आहे.

भूक लागली होती.

आमच्याकडे कितीतरी दिवस निपचित पडलेला पेशंट पहिल्यांदा "भूक लागली" म्हणाला, की आम्ही ते एकमेकींना सांगत सुटतो. डॉक्टरांना सांगतो, मावशींना सांगतो, जिन्यावर जाऊन त्याच्या माणसांना सांगतो. मी खाटेवर बसून विचार करत होते, हे आता कुणाला जाऊन सांगायचं.

म्हणून तुला लिहिलं.

गठुडी